संरक्षण खर्चाचे आकडे वाचायला बसणाऱ्यांसाठी: माझी ४७ टक्क्यांची फजिती

फेब्रुवारी २०१८. अर्थसंकल्प मांडून आठवडाही झाला नव्हता आणि दिल्लीत एका खासदारांकडे संशोधन सहायक म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. साहेबांना संरक्षण खर्चावर दोन पानी टिपण हवं होतं. मी रात्री दीडपर्यंत बसून ते केलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'संरक्षण तरतुदीत यंदा सुमारे ४७ टक्के वाढ.' सकाळी साहेबांनी ती ओळ वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "युद्ध सुरू झालंय का कुठे?" खोलीत आणखी तिघं बसले होते. आज सगळं हसत सांगतेय, पण त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

संसद संरक्षण खर्चावर आणि सैन्याच्या सज्जतेवर नजर कशी ठेवते, या कामात येऊ पाहणारी बरीच मुलं मला विचारत असतात. अर्थसंकल्प म्हणजे काय, स्थायी समिती म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असणार, तिथे वेळ घालवत नाही. मी जिथे आपटले ती जागा मात्र नीट दाखवते.

२०१७ चा आकडा मी अर्थमंत्र्यांच्या भाषणातून घेतला होता, २,७४,११४ कोटी. २०१८ चा घेतला खर्चाच्या पत्रकातून, ४,०४,३६५ कोटी. दोन्ही सरकारी आणि दोन्ही खरे. पण भाषणातल्या आकड्यात निवृत्तिवेतन नव्हतं आणि पत्रकातल्यात होतं. मी अर्धा डबा आणि भरलेला डबा तराजूत घातला होता.

संरक्षण मंत्रालयाच्या नावावर अनुदानाच्या मागण्या, म्हणजे संसदेकडे मंजुरीसाठी मागितलेल्या रकमा, चार असतात. एक मंत्रालयाची स्वतःची, ज्यात तटरक्षक दल, सीमा रस्ते संघटना वगैरे येतात. दुसरी सैन्याच्या महसुली खर्चाची, म्हणजे पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल. तिसरी भांडवली, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा. चौथी निवृत्तिवेतनाची. २०१८-१९ मध्ये फक्त दुसरी आणि तिसरी धरली तर येतात २,७९,३०५ कोटी. पहिली मिळवली की २,९५,५११. चौथीही मिळवली की ४,०४,३६५. एकाच वर्षाचे 'संरक्षण बजेट' म्हणून हे तीनही आकडे छापून येत होते. त्यामुळे कोणी म्हणत होतं देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) दीड टक्का, कोणी म्हणत होतं दोन टक्क्यांच्या वर, आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं. सरकारची बाजू घेणारा मोठा आकडा उचलतो, विरोधक लहान उचलतो आणि नवशिका, म्हणजे मी, दोन्ही उचलून त्यांची वजाबाकी करतो.

सारखं सारख्याशी ताडलं असतं तर निवृत्तिवेतनासकट वाढ १२ टक्क्यांच्या आसपास होती (आदल्या वर्षीचे ३,५९,८५४ कोटी) आणि ते वगळून ७.८ टक्के. झालं, एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम.

ही चूक आजही तितकीच महाग पडेल. २०२५-२६ ची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी. त्यातले १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आणि १,८०,००० कोटी भांडवली. एकूण आकडा फुगला म्हणून रणगाडे वाढले असं समजाल तर पुढची पाच पानं चुकतील. मागण्यांचे क्रमांकही वर्षागणिक बदलतात, म्हणून क्रमांक पाठ करू नका, नावं वाचा.

मला हे शिकवलं पुण्यातल्या एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांनी. संरक्षण लेखा विभागात त्यांची उभी हयात गेली. मी त्यांना काका म्हणते. त्या फजितीनंतर रडवेल्या आवाजात फोन केला तर म्हणाले, "अगं, आकडा बंद डब्यात आणायचा नसतो. झाकण काढून आण." दिल्लीत मार्गदर्शक म्हणवून घेणारे पुष्कळ भेटतात, ओळखी करून देतो म्हणतात. ओळखींचं नंतर बघा. सोबत बसून एक तक्ता वाचून दाखवणारा माणूस आधी शोधा, आणि तो बहुधा सेवानिवृत्त, कुरकुऱ्या आणि मोबाइल सायलेंटवर ठेवणारा असतो.

आकड्यांचा दुसरा थर अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीचा), सुधारित अंदाज (नंतर बदललेला) आणि प्रत्यक्ष खर्चाचा. यावर फार बोलत नाही. कुठल्या रकान्यातून आकडा घेतला ते टिपणात प्रत्येक आकड्यापुढे लिहा, म्हणजे निम्मे अपघात टळतात.

आता सज्जता. तीही एकूण आकड्यात दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल आले. अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, स्वतः निवृत्त मेजर जनरल. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख शरत चंद यांनी समितीपुढे सांगितलं होतं की ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक आहे. वृत्तपत्रांनी हाच भाग उचलला. पण मला घाम फुटला तो त्याच्या शेजारच्या वाक्याने. आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि आधीच्या १२५ योजनांची बांधील देणी होती २९,०३३ कोटी. म्हणजे एकही नवी वस्तू न घेता हप्ते भरायलाच पैसे कमी! घरात पगार आला आणि कर्जाचे हप्तेच पगारापेक्षा जास्त निघाले, तसं. 'भांडवली तरतूद वाढली' असं कुठेही वाचलंत की पहिला प्रश्न विचारा, त्यातलं जुनं देणं किती आणि नवी खरेदी किती.

आणि मग? अहवाल मांडला गेला १३ मार्चला. १४ मार्चला लोकसभेने गोंधळात, चर्चेविना, सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या गिलोटिनने, म्हणजे एकदम एकत्र मताला टाकून, मंजूर केल्या. २०२३ मध्येही तसंच झालं. तुम्हाला वाटत असेल की तुमच्या टिपणामुळे सभागृहात तोफांवर घमासान होईल, तर ते डोक्यातून आत्ताच काढा. समिती ३१ जणांची असते, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, पण तिला एक रुपयाही इकडचा तिकडे करता येत नाही. अहवालात कपात सूचनेसारखं (मागणीतली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या प्रस्तावासारखं) काही सुचवायचं नाही, हे तर नियमातच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये संरक्षण समितीचं अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेलं. समित्या दरवर्षी नव्याने बनतात, त्यामुळे त्यातून काय अर्थ काढायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

एवढं ऐकून बॅग भरू नका. सरकारला शिफारशींवर तीन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरांवर समिती पुन्हा अहवाल काढते. आपलं खरं काम तिथे आहे. त्या कृती-अहवालाची प्रकरणं पाच असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने उत्तर ऐकून सोडून दिलेल्या, चौथ्यात उत्तर न पटलेल्या, पाचव्यात नुसतं अंतरिम उत्तर आलेल्या. मी नेहमी चौथ्यापासून सुरुवात करते, मग पाचवं, आणि शेवटी पहिल्या प्रकरणात समिती काय म्हणाली ते. तीन वर्षांचे असे अहवाल ओळीने वाचलेत की एकच मागणी पुन्हा पुन्हा उगवताना दिसते. भांडवली निधी वर्षअखेर परत जाऊ नये ही तशीच एक. पंधराव्या वित्त आयोगानेसुद्धा २०२१-२६ साठी २,३८,३५४ कोटींच्या अशा, व्यपगत न होणाऱ्या निधीची शिफारस केली होती. क्लासच्या नोट्समध्ये हा धागा सापडणार नाही. त्या नोट्स चारशे रुपयांना मिळतात आणि परीक्षेला पुरतात, नोकरीला नाही. तयार गोषवाऱ्यांवर माझा राग आहे, तो असू द्या.

फक्त संरक्षण समितीच वाचत बसू नका. जुलै २०१८ मध्ये मुरली मनोहर जोशी यांच्या अंदाज समितीनेही (सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी संसदेची समिती) सैन्याच्या सज्जतेवर अहवाल दिला होता आणि तो मी सहा महिने पाहिलाच नव्हता. मी वर्धा जिल्ह्यातली. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३०-३१ मे २०१६ च्या रात्री आग लागली तेव्हा आमच्याकडे घरोघरी फोन खणखणत होते. म्हणून पुढच्या वर्षी कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) दारूगोळ्यावरचा अहवाल आला तेव्हा आधाशासारखा उघडला. सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवससुद्धा पुरणारा नव्हता. किमान स्वीकारार्ह पातळीच २० दिवसांची होती. हे कुठल्याच बजेटच्या तक्त्यात दिसत नाही. पैसा मंजूर झाला, खर्ची पडला आणि तरी कोठार रिकामं, असंही होतं.

कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला म्हणजे लोकलेखा समितीने (कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदीय समितीने) तो तपासला, असं मात्र कधीही लिहू नका. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच असं वाक्य लिहिलं होतं. समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी असा अहवाल आपल्यापुढे आलेलाच नाही म्हणून सांगितलं आणि सरकारला दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. अहवाल मांडला गेला १३ फेब्रुवारी २०१९ ला, आणि त्यातही किमती झाकलेल्या. तेव्हा 'सादर झाला', 'समितीकडे गेला' आणि 'तपासून झाला' ही तीन वाक्यं वेगळी ठेवा. न्यायालयाला दुरुस्तीची संधी मिळाली, तुम्हाला मिळेलच असं नाही.

पगाराचं विचाराल तर सुरुवातीला खोलीभाडं आणि मेस भागते, घरी पाठवायला काही उरत नाही. इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, माझंही होतं. वाक्यं सहा महिन्यांत सुधारतात. तक्ते वाचायचा कंटाळा असेल तर मात्र दुसरं काम बघा, मनापासून सांगते.

आणि एक राहिलंच. संरक्षण समितीच्या अहवालांत मध्येच ओळीच्या जागी नुसत्या तारका दिसतात. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि गोपनीय मजकूर छापताना गाळतात, त्याच्या त्या खुणा. मला वाटलं फाइल बिघडलीये. मी थेट एका कार्यालयात फोन लावून पान बावन्न नीट छापलेलं पाठवता का म्हणून विचारलं. पलीकडच्या बाई क्षणभर गप्प झाल्या, मग प्रेमाने म्हणाल्या, "नई आई हो क्या, बेटा?"