अंगणात मुरूम टाकायचाय? ब्रासचा हिशेब आधी नीट करा

"सहाशे स्क्वेअर फूट अंगण ना, मग सहा ब्रास मुरूम सांगा." असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कोल्हापुरात बांधकामावर ब्रास दोन मापांसाठी चालतो. फरशी, प्लास्टर, स्लॅबचं काम मोजताना 1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. मुरूम, खडी, वाळू घेताना 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. जाडी धरल्याशिवाय एकावरून दुसरा निघत नाही.

आधी लांबी-रुंदी टेपनं फुटात घ्या. जागा गुंठ्यात माहीत असेल तर 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट.

मग जाडी. सगळा घोळ इथंच होतो, कारण लांबी-रुंदी फुटात असते आणि थर सांगतात इंचात. 30 × 20 फूट अंगणात 4 इंच थर हवा असताना 30 × 20 × 4 असा थेट गुणाकार केला की 2400 येतात आणि लोक 24 ब्रास धरून बसतात. इंचांना आधी 12 नं भागायलाच हवं. त्यापेक्षा एकच आकडा पाठ ठेवा: 1 ब्रास माल 1 इंच जाडीनं 1200 चौरस फूट पसरतो. म्हणजे चौरस फूट गुणिले इंच, भागिले 1200. वरच्या अंगणाला 600 × 4 ÷ 1200 = 2 ब्रास. तेच सहा ब्रास ओतले असते तर थर एक फुटाचा झाला असता आणि पावसाचं पाणी उंबऱ्याकडं वळलं असतं.

पण हे 2 ब्रास चोपलेल्या थराचे. ट्रॉलीतला मुरूम सैल असतो, पाणी मारून रोलर फिरवला की दबतो. म्हणून पाव हिस्सा जादा धरा, अडीच ब्रास सांगा. शिरोळकडच्या काळ्या मातीत नुसता मुरूम पहिल्याच पावसात रुततो. खाली दगडाचं सोलिंग, म्हणजे मोठे दगड रचून केलेला थर घ्या आणि त्याची जाडी वेगळी मोजा.

प्लास्टरलाही हाच नियम. 100 चौरस फूट भिंतीला 12 मिलिमीटर थराचा ओला माल जेमतेम 4 घनफूट होतो. कोरडा माल आणि सांध्यांत जाणारा भाग धरून वाळू साधारण 5 ते 6 घनफूट लागते. एक ब्रास प्लास्टरला एक ब्रास वाळू कधीच लागत नाही!

माल आला की ट्रॉली रिकामी व्हायच्या आत हौदा आतून मोजा. 10 × 6 फूट हौद्यात दीड फूट माल म्हणजे 90 घनफूट, पूर्ण ब्रास नव्हे. वरची शीग सपाट करूनच उंची घ्या. वाळू दमट असेल तर फुगून 20-30 टक्क्यांपर्यंत जास्त दिसते, तेव्हा पावसाळ्यात भाव त्या हिशेबानंच ठरवा.