स्वस्त मिनिफिगर पारखताना चेहरा शेवटी बघा

लेगोच्या धर्तीवर बनवलेली स्वस्त मिनिफिगर, म्हणजे छोटी प्लास्टिकची बाहुली, हातात आली की नजर आधी चेहऱ्यावर जाते. मी आधी पाय बघते. बाहुली ठोकळ्याच्या खुंट्यांवर, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांवर, उभी करा आणि ठोकळा उलटा धरा. ती पडली तर माप चुकलंय. बसवताना जोर लावावा लागला तरी चुकलंच. एका खुंटीच्या मध्यापासून शेजारच्या खुंटीच्या मध्यापर्यंतचं अंतर 8 मिलिमीटर असतं, पण पकड त्याहून कितीतरी बारीक फरकांवर ठरते. साचा ढोबळ असला की इथेच उघडा पडतो.

मग पंजे. स्वस्त बाहुल्या सगळ्यात जास्त इथे मार खातात. पंजात काठी किंवा तलवार अडकवून चार-पाच वेळा काढघाल करा. कमानीवर पांढरट रेघ उमटली तर प्लास्टिकवर ताण आलाय, पुढे तिथेच चीर जाणार. पंजा मनगटातून फिरला पाहिजे, पण गळून पडता कामा नये. हात वर केला की वरच राहिला पाहिजे.

छपाई तिरक्या उजेडात बघा, नखाने हलकेच घासा. गडद अंगावर फिकट रंग जरा मळका दिसला तर मी चालवून घेते. रंग नखाला लागला तर मात्र नाही.

डोक्यावरची खुंटीही तपासा. लेगोच्या डोक्यांना तिथे आरपार भोक असतं, डोकं घशात अडकलं तर हवा खेळती राहावी म्हणून. नकलांमध्ये ते अनेकदा बंद असतं. भोक असो वा नसो, तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती या बाहुल्या देऊच नका.