संत्र्याच्या मुलखात हॉपी बिअर कशी चाखावी

संत्रा सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, तो वरुड-मोर्शीकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. हॉपी बिअर, म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांचा वास आणि कडूपणा जास्त असलेली बिअर, चाखताना हाच वास कामी येतो. पुण्यात नोकरीला असलेल्या मामेभावाने पहिल्यांदा आयपीए या हॉपी बिअरचे कॅन आणले, तेव्हा आम्ही ते बर्फात गाडून ठेवले, झणझणीत तर्रीसोबत उघडले आणि कॅनलाच तोंड लावलं. ‘हे त कडूजहर हाय राजेहो,’ म्हणत सगळ्यांनी ते बाजूला सारले. बिअर उत्तम होती, पण तिचा वास आमच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

हॉप्स ही एका वेलीची हिरवी, खवलेदार फुलं. खवल्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. कडूपणा आणि सुगंध, दोन्ही तिच्यातच. उकळीच्या सुरुवातीला हॉप्स घातले तर कडूपणा उतरतो, पण सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुगंधासाठी ते उकळीच्या शेवटी, नाहीतर बिअर आंबवून झाल्यावर थंडपणी घालतात. हॉप्समधल्या कडू घटकांनी बिअर आंबट करणारे जंतू दबून राहतात. इंग्रजांच्या काळात जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त असत, आणि इंडिया पेल एल म्हणजेच आयपीए हे नाव त्यातूनच आलं.

आता आणण्यापासून सुरुवात करू. कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख बघा. दोन-तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, कारण हॉप्सचा वास आधी मरतो आणि कडूपणा तेवढा मागे राहतो. आपल्या उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेला कॅन वाया गेलाच समजा. बर्फ घातलेली थर्माकोलची पेटी सोबत ठेवा. वयाची आणि परवान्याची अट पाळा. रस्ताही बघून निवडा: नागपूरहून यवतमाळला जाताना वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. गडचिरोलीतही १९९३ पासून आहे.

चाखायच्या आधी तासभर तर्री, सावजी, ठेचा, खर्रा काहीच नको. तिखटाने जीभ पेटलेली असली की कडूपणा आणखी बोचतो. साधे फुटाणे किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा आणि माठाचं पाणी पुरे.

ग्लास काचेचाच घ्या, स्टीलच्या ग्लासात रंग दिसत नाही. तोंडाशी थोडा निमुळता असेल तर वास कोंडून राहतो. धुतल्यावर आत पाणी फिरवून बघा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब झाले तर तेलकटपणा उरला आहे. तेलाने फेस बसतो. ग्लास फडक्याने पुसू नका, पालथा घालून वाळू द्या.

फ्रिजमधून काढल्या-काढल्या ओतू नका. ८ ते १० अंशांवर वास खुलतो, त्याहून गार असली तर नाकाला काही कळत नाही. हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं थांबा, मे महिन्यात तीन-चार पुरतात. ग्लास तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. दीडशे मिली एका माणसाला चाखायला भरपूर आहे. आयपीए बहुधा ६-७ टक्क्यांची असते, त्यामुळे नंतर मोटरसायकलला हात नको.

आता नाकाचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ग्लासवर तळहात झाका, हलकेच फिरवा, हात काढा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. कॅनवर ‘पाइन’, ‘ग्रेपफ्रूट’ असलं काही लिहिलेलं असतं. पाइनचं झाड आपल्याकडे नाही, पण मेळघाटातल्या सालईचा डिंक ज्याने हुंगला आहे, त्याला तो वास कळतो. ग्रेपफ्रूटसाठी पपनस आठवा. देठ मोडलेल्या कैरीचा चीक, चुरगळलेला गवती चहा, नुकता कापलेला हिरवा चारा हेही शोधा. कैरीच्या चिकात आणि हॉप्समध्ये मिरसीन नावाचं एकच तेल सापडतं, म्हणून ते साम्य मनाचे खेळ नाहीत. मी तर संत्र्याची साल शेजारी घेऊनच बसतो. साल दुमडली की फवारा उडतो, तो हुंगायचा आणि मग ग्लास. नाक थकलं तर स्वतःच्या कोपराच्या खळगीत हुंगून घ्या.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी झाली आहे. ती सोडून द्या, कडू बिअर अशीच लागते असा ग्रह करून घेऊ नका.

मग छोटा घोट. तोंडभर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. फळाची चव त्या श्वासात येते. कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळतं असं शाळेत शिकवायचे, ते खरं नाही. कडू सगळ्या जिभेला कळतं, फक्त उशिरा आणि हळूहळू साठत जातं. म्हणून पहिल्या घोटावर मत ठरवू नका. अर्धा मिनिट थांबा, मग दुसरा घोट घ्या. गुढीपाडव्याचा कडुलिंब बराच वेळ तोंडात रेंगाळतो. चांगल्या आयपीएचा कडूपणा संत्र्याच्या सालीसारखा असावा: चरचरीत येतो, तोंड स्वच्छ करतो आणि पुढचा घोट मागतो. संत्र्याची बी चावल्यासारखा घशाला धरून बसला तर ती बिअर नीट जमलेली नाही.

शेवटचा घोट मुद्दाम ग्लासात ठेवा आणि कोमट होऊ द्या. गारव्यामागे दडलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडवा, भाजलेल्या ज्वारीसारखा, तेव्हा वर येतो.