भोगीच्या भाजीसाठी परसबागेतील गाजर: पेरणीपूर्व आणि पेरणीनंतरची काळजी

भोगीच्या मिसळीच्या भाजीत घरचे गाजर पडावे अशी इच्छा असेल, तर १३ जानेवारीपासून शंभर दिवस मागे मोजावेत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी जमिनीत जाईल अशा बेताने सप्टेंबरअखेरीस वाफा तयार करावा. या पेरणीसाठी लाल रंगाची 'पुसा केसर' ही जात चांगली. नारिंगी, बुटकी 'नँटिस' लावायची असल्यास थंडी पडू द्यावी, कारण तिला उष्मा मानवत नाही.

गाजराचे रूप माती ठरवते. सोटमूळ सरळ खाली उतरत असताना त्याच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा न कुजलेल्या शेणाचा गोळा आडवा आला, की तिथेच त्याला फाटे फुटतात आणि काढणीच्या दिवशी हाती दोन पायांचे वेडेवाकडे गाजर येते. म्हणून एक वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यातील माती तेवढीच खोल, बोटे सहज रुततील इतकी भुसभुशीत करावी. काळ्या, चिकट मातीत नदीकाठचा पोयटा किंवा वाळू मिसळल्यावाचून गाजराच्या नादी लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खत द्यायचे ते पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत. युरियाचा मोह टाळावा, कारण नत्र जास्त झाल्यास पाला माजतो आणि गाजर केसाळ होते.

रोपे करून लावणी करू नये, कारण उपटताना सोटमूळ दुखावते. बी थेट वाफ्यातच पेरावे. बियांवर बारीक काटेरी लव असते, त्यामुळे ते एकमेकांना चिकटतात. तळहातावर हलके चोळून, कोरड्या वाळूत मिसळून, एक फूट अंतरावरील ओळींत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावेत. उगवण दहा ते पंधरा दिवस घेते आणि या काळात वरची माती एकदा जरी वाळून कडक झाली तरी कोंब आतच अडकतो, म्हणून ओले गोणपाट अंथरावे, झारीने पाणी द्यावे आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच गोणपाट न चुकता काढावे.

तीन-चार आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवावे. हातात आलेले कोवळे रोप टाकवत नाही हे खरे, पण दाटीत एकही गाजर पोसत नाही. उघडा पडलेला माथा उन्हाने हिरवा होतो, तेव्हा खुरपणी करताना मातीची भर द्यावी. पाणी नियमित असावे. वाफा कोरडा पडू देऊन नंतर एकदम भरपूर पाणी दिल्यास गाजर उभे तडकते. मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या मातीतील सूक्ष्म कृमींची, शंका घ्यावी आणि पुढील हंगामात त्या वाफ्यात झेंडू लावावा.

नव्वद दिवसांनंतर माथ्याजवळची माती बोटाने सारून जाडी पाहावी. अंगठ्याहून जाड गाजर दिसले की आदल्या संध्याकाळी हलके पाणी देऊन सकाळी काढणी करावी. फार दिवस ठेवल्यास आतला गाभा दाठरतो.