दोन नळ्या जुळेनात तेव्हा

एम.एस्सी.च्या प्रकल्पात ब्रॅडफर्ड पद्धतीने, म्हणजे रंगद्रव्याच्या निळेपणावरून, प्रथिने मोजताना ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात एकाच नमुन्याच्या दोन नळ्यांची रीडिंग्ज जुळत नसत, आणि मी आठवडाभर रसायनालाच दोष देत राहिले. शेवटी नळ्या भरायला वापरलेल्या त्याच पिपेटने (दट्ट्या दाबून ठरावीक द्रव ओढायच्या उपकरणाने) १०० मायक्रोलिटर शुद्ध पाणी दहा वेळा घेऊन अ‍ॅनालिटिकल बॅलन्सवर (अतिसूक्ष्म वजनकाट्यावर) तोलले. २५ अंश सेल्सिअसला ते ९९.७ मिलिग्रॅम भरायला हवे. माझे आकडे ९८ ते ११२ असे विखुरलेले होते. द्रव ओढताना मी दट्ट्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत (जो फक्त उरलेला द्रव बाहेर टाकण्यासाठी असतो) दाबत होते, म्हणून जास्त द्रव येत होता, हे तेव्हा उमगले. आता पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबून, टिप (पिपेटचे बदलता येणारे टोक) द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवून, अंगठा सावकाश सोडते. नवी टिप आधी एकदा द्रवाने ओली करून घेते. दोन्ही नळ्या जुळू लागल्या. चुकलेली दहाही वजने मात्र न खोडता, तारखेसह, वहीत ठेवली आहेत.