ऊस लावताना आणि तोडताना या चुका टाळा

आमच्याकडे दोन ऊसवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "गुंठ्याला किती बसला?" आकडा कमी निघाला की दोष खतवाल्याला, पावसाला, नाहीतर मोटारीच्या लाईटला. लावायला उसाची कांडी (बेणं) कुठली आणली आणि तोड कशी केली, हे कुणी कुणाला विचारत नाही. माझ्या मते टनेज तिथंच जातं.

फुकटच्या बेण्यात मीही फसलोय. काही वर्षांमागं नोव्हेंबरात अठरा गुंठ्यांत पूर्वहंगामी लावण करायची होती. एक पाव्हणे म्हणाले, "सोळा महिन्यांचा आडसाली हाय, कारखान्याला जायचाच हाय, न्या की कांडी." ट्रॅक्टरची खेप भरून आणली, बेण्याचे पैसे वाचले म्हणून घरात फुशारकीही मारली. महिन्याभरानं सरीत बघतो तर म्हाताऱ्याच्या तोंडातल्या दातांसारखी उगवण. शेंड्याकडच्या कांडीचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, आलेले, बुडाकडचे गपगार. जून उसात साखर भरलेली असते, पण बुडाचे डोळे निबर होऊन वाळत आलेले असतात. दोनदा तुटाळ सांधली, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा लावलं, तरी मागून लावलेलं आधीच्या फुटव्यांच्या सावलीत सापडलं आणि काठीएवढंच राहिलं.

तेव्हापासून दोन-तीन गुंठे बेण्यासाठी राखतो आणि नऊ ते अकरा महिन्यांचाच ऊस कांडीला तोडतो. पाला लावणीच्या जागीच सोलायचा, म्हणजे वाहतुकीत डोळे दुखावत नाहीत. खोडव्याचं, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटलेल्या पिकाचं, बेणं तर नकोच. काणी आणि गवताळ वाढ हे रोग बहुतेक कांडीतूनच नव्या रानात येतात.

बेणेप्रक्रियेला "वेळ नाही" म्हणतात. कांडी दहा-पंधरा मिनिटं औषधाच्या पाण्यात बुडवायला वेळ नाही आणि पुढं वर्षभर रान बघायला आहे!

तीन फुटी सरी सोडा. दाट लावला की फुटवे मोप दिसतात, पण उजेडाअभावी निम्मे मरतात. साडेचार-पाच फुटांची सरी सुरुवातीला मोकळी वाटते, तेव्हा व्हिडिओ बघून "एकरी शंभर टन" काढायला निघालेल्या पोरांचा धीर सुटतो आणि ती मधे आणखी कांडी खुपसतात. एकराला दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी (कांडीचे तुकडे) पुरतात.

तोडीनंतर उरलेलं पाचट, म्हणजे वाळका पाला, पेटवू नका. सरीत दाबा.

आता तोड. इथं मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. कोयता जमिनीलगत लागला पाहिजे. दोन इंच बुडखा वर राहिला तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यानं हिशेब घालावा. एकरात चाळीस हजार ऊस, एक ऊस सात फुटांचा आणि दीड किलोचा धरा. दोन इंचांचं वजन पस्तीस ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे एकराला जवळपास १.४ टन ऊस रानातच राहिला. शिवाय बूड जाड असतं आणि साखरही तिथंच जास्त. वर खोडव्याचं नुकसान वेगळं. उंच बुडख्यावर वरचे डोळे फुटतात, त्या कोंबाची मुळं वरच्यावरच राहतात आणि वाऱ्यात ऊस लोळतो. म्हणून तोड झाली की उरलेले बुडखे मी धारदार कोयत्यानं मातीबरोबर छाटून घेतो. हे काम आठवड्यावर गेलं तर आलेले कोंबच कापावे लागतात.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजन घटतं आणि साखर फुटते. कारखान्याला तर तोटा आहेच, पण गुऱ्हाळवाल्याला तो लगेच कळतो. शिळ्या उसाचा गूळ मऊ पडतो, ढेप नीट बसत नाही. वाहन ठरल्याशिवाय मी कोयता लावू देत नाही.

टोळीला शिव्या घालू नयेत. त्यांची मजुरी टनावर असली तरी दिवसभर कमरेतून वाकायचं असतं, त्यामुळं दुपारनंतर कोयता आपोआप वर चढतो. म्हणून पहाटे चहा घेऊन जातो, पहिल्या चार सऱ्या त्यांच्याबरोबर वाकून बघतो आणि दुपारी पुन्हा येतो. मुकादम म्हणतो, "मालक, बसा की बांधावर." मी बसत नाही.