तुटलं कुठे, जोडलं कधी: डीएनए दुरुस्तीत पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या मुलाखतींना मी आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. डीएनए दुरुस्तीवर काम करायचंय असं सांगणारा उमेदवार आला की पहिली दहा मिनिटं ठरलेली असतात. केयू70, केयू80, लायगेज 4, बीआरसीए1, आरएडी51... दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची नावं धाडधाड येतात, क्रमही बरोबर असतो. मग मी विचारते, ‘डीएनएची ही तूट, म्हणजे तुटलेली जागा, पेशीत नेमकी कुठे पडलीय?’ बहुतेक जण गप्प होतात. काही जण ‘केंद्रकात’ म्हणतात आणि हसतात.

उत्तर चूक नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं या विषयातलं बरंचसं काम त्या एका शब्दाच्या आत चाललंय. प्रथिनांची यादी परीक्षेपुरती लागते. लॅबमध्ये आल्यावर रोज झगडावं लागतं ते ‘कुठे’, ‘कधी’ आणि ‘किती’ या तीन प्रश्नांशी. नव्याने येणाऱ्यांनी तयारी त्या बाजूने करावी, म्हणून हे लिहितेय.

आधी थोडी उजळणी. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सलग मांडला तर जवळपास 2 मीटर भरतो आणि तो राहतो दहाएक मायक्रोमीटरच्या केंद्रकात. 147 बेस जोड्यांचा तुकडा हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गाभ्याभोवती पावणेदोन वेढे घेतो, तो न्यूक्लिओसोम. पाठ्यपुस्तकातलं माळेतल्या मण्यांचं चित्र इथपर्यंत चालतं. त्याच्या वरच्या पातळीला पुस्तकं घाईत उरकतात आणि गंमत तिथेच आहे. प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापला इलाखा धरून बसतं. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन डीएनएचे फास ओढत जातं आणि सीटीसीएफ हे दुसरं प्रथिन जिथे बसलेलं असतं तिथे बहुतेक वेळा अडतं. त्यातून आपसात जास्त संपर्क ठेवणारे विभाग तयार होतात, त्यांना ‘टॅड’ म्हणतात. 2009 साली डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ येतात ते दाखवणारं हाय-सी हे तंत्र आलं आणि 2012 मध्ये टॅड स्पष्ट दिसले. माझ्या एमएस्सीच्या नोट्समध्ये यातलं अक्षरही नव्हतं. तुमच्या नोट्समध्ये असेल तर एखाद्या ओळीचं असेल.

याचा दुरुस्तीशी संबंध काय, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. दोन उदाहरणं पक्की करून जा. 2011 मध्ये बर्कलीच्या आयरीन किओलो आणि गॅरी कार्पेन यांच्या गटाने फळमाशीच्या पेशींत दाखवलं की, हेटेरोक्रोमॅटिनमध्ये, म्हणजे डीएनए-हिस्टोनच्या घट्ट बांधलेल्या भागात, दुहेरी तूट (डीएनएचे दोन्ही धागे तुटणं) पडली तर ती आत पूर्ण दुरुस्त होत नाही. तुटलेली टोकं त्या भागाच्या बाहेर सरकतात आणि मगच त्यांच्यावर जोडीदार क्रम शोधणारं आरएडी51 चढतं. कारण सरळ आहे. हेटेरोक्रोमॅटिनमध्ये एकसारखे क्रम हजारो वेळा येतात, आतल्या आत जोडीदार शोधायला गेलं तर चुकीच्या गुणसूत्राशी सांधा बसायची भीती. दुसरं उदाहरण 2021 चं, तूलूझच्या गेल लेग्यूब यांच्या गटाचं. तूट पडली की आसपासच्या एच2एएक्स हिस्टोनवर फॉस्फेट लागतो आणि ही खूण लाखो बेस जोड्यांपर्यंत पसरते. ती किती दूर जाईल हे टॅडच्या सीमा बऱ्याच अंशी ठरवतात, आणि ती पसरवण्यात कोहेसिनच्या फास ओढण्याचा हात असतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे घडी कशी घातलीय त्यावर दुरुस्ती अवलंबून. ही दोन उदाहरणं नीट समजली असतील तर पाठ केलेल्या वीस नावांपेक्षा ती जास्त कामाला येतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. फॉस्फेट लागलेल्या त्या हिस्टोनला गॅमा-एच2एएक्स म्हणतात, आणि या विषयातल्या बहुतेकांची सुरुवात त्याच्या स्टेनिंगने होते. विल्यम बोनर यांच्या गटाने 1998 मध्ये ही खूण दाखवली, तेव्हापासून ती दुहेरी तुटी मोजायचं रोजचं साधन झालीय. काचेच्या कव्हरस्लिपवर यू2ओएस पेशी वाढवायच्या. हाडाच्या कर्करोगातून आलेल्या या पेशींची केंद्रकं मोठी आणि पसरट असतात, फोटो छान येतो. पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करायचं, ट्रायटनने पडद्याला भोकं पाडायची, बीएसए या प्रथिनाने ब्लॉक, मग पहिली अँटीबॉडी, धुणं, दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुणं, शेवटी डीएनए रंगवणारा डॅपी. स्लाइडवर उलटी ठेवून कडा सील करायला साधं बाजारातलं पारदर्शक नेलपॉलिश. पहिल्यांदा लॅबच्या खरेदीच्या यादीत नेलपॉलिश दिसलं की नवीन मुलं एकमेकांकडे बघतात.

या सगळ्यात अवघड काय, तर धुणं. प्रोटोकॉलवर ‘तीन वेळा, पाच मिनिटं’ एवढंच लिहिलेलं असतं. पण जोरात ओतलंत तर मायटोसिसमधल्या, म्हणजे विभाजन चाललेल्या, गोल झालेल्या पेशी आधी सुटून जातात. तुमची स्लाइड सुंदर दिसते आणि तुमच्या नमुन्यातून पेशीचक्राचा एक अख्खा टप्पा गायब झालेला असतो. पिपेट प्लेटच्या खळग्याच्या (वेलच्या) कडेला टेकवून हळू सोडायची सवय पहिल्या आठवड्यात लावून घ्या.

इथे ‘कधी’ हा प्रश्न येतो. कुठलीही इजा न केलेल्या पेशींतही गॅमा-एच2एएक्सचे ठिपके दिसतात, कारण पेशीचक्राच्या एस टप्प्यात डीएनएची प्रत काढताना काही ठिकाणी काम अडतं, मोडतं. त्यामुळे नुसते ठिपके मोजून निष्कर्ष काढता येत नाही. सोबत सायक्लिन ए किंवा ईडीयूचं स्टेनिंग करून ती पेशी कुठल्या टप्प्यात आहे ते कळलं पाहिजे. त्याआधीच्या जी1 टप्प्यात भावंड क्रोमॅटिड, म्हणजे डीएनएची जुळी प्रत, नसतो, म्हणून मुख्य भार टोकाला टोक जोडणाऱ्या वाटेवर असतो. एस आणि त्यानंतरच्या जी2 मध्ये ती प्रत बघून दुरुस्ती करणारी आरएडी51 ची वाट खुली होते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. स्वतःच्या प्रयोगात सायक्लिन ए चं कंट्रोल लावायचं मात्र सुचत नाही. मुलाखतीत ‘तुमचे कंट्रोल कोणते?’ हा प्रश्न येतो तो यासाठी.

विकिरण वापरणार असाल तर ‘किती’ हा प्रश्न फार लवकर गळ्याशी येतो. 1 ग्रे (विकिरणाच्या डोसाचं एकक) गॅमा किरणांनी एका पेशीत साधारण 1000 एकेरी तुटी आणि तीस-चाळीस दुहेरी तुटी होतात, असा अंदाज पुस्तकात असतो. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांत वाशीच्या ब्रिटने, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या विकिरण व समस्थानिक मंडळाने, पुरवलेला गॅमा चेंबर, म्हणजे नमुन्यांवर किरण सोडायचं यंत्र, असतो. आत कोबाल्ट-60, अर्धायुकाल 5.27 वर्षं. म्हणजे महिन्याला सुमारे 1.1 टक्के जोर कमी. दाराला चिकटवलेल्या कागदावरचा डोस-दर कुठल्या तारखेचा आहे ते बघा आणि आजचा दर स्वतः काढा. पाच-सव्वापाच वर्षांपूर्वीचा कागद असेल तर त्याच डोसला आता जवळपास दुप्पट वेळ लागेल. गळ्यात अंगावर पडलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी, यात तडजोड नाही. चेंबर नसेल तर इटोपोसाइड किंवा ब्लिओमायसिन या औषधांवर काम भागतं. पण औषधाने पडणाऱ्या तुटी वेगळ्या जातीच्या असतात. इटोपोसाइड टोपोआयसोमरेज 2 या विकराला (एन्झाइमला) तुटीच्या टोकाशीच अडकवून ठेवतं. ‘किरणांऐवजी औषध वापरलं’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

मग मोजणी. स्लाइडवरची नावं दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांगा. आपल्याला हवं ते उत्तर दिसण्याची डोळ्यांची हौस दांडगी असते, आणि ठिपका म्हणजे काय, किती उजळ, किती मोठा, हे ठरवताना ती हमखास मध्ये येते. फिजी हे प्रतिमा मोजायचं फुकट सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, मॅक्रो लिहायला शिका. केंद्रक गोल आहे, एकाच पातळीचा फोटो काढलात तर वरखालचे ठिपके सुटतात, म्हणून झेड-स्टॅक, म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांच्या फोटोंची चळत, घ्या. माझ्या मते या विषयात येणाऱ्याने एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात जीवरसायनाचा आणखी एक ऐच्छिक पेपर घेण्याऐवजी पायथन आणि प्राथमिक सांख्यिकी शिकावी. एका स्लाइडवरच्या 200 पेशी म्हणजे 200 स्वतंत्र प्रयोग नव्हेत, हे ज्याला पहिल्यापासून कळलंय तो समीक्षकांच्या तावडीतून बराच सुखरूप सुटतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी शिकत असाल आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक दूरच असेल, तर कॉमेट ॲसे ही चाचणी करा. पेशी अगरोजच्या जेलमध्ये बसवायच्या, क्षारांनी फोडायच्या, वीजप्रवाह लावायचा. तुटका डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर येतो. नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये आणलेली अल्कधर्मी पद्धत एकेरी तुटीही दाखवते आणि साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर जमते. एमएस्सीच्या प्रकल्पाला एवढं पुष्कळ झालं. उंदराच्या 3टी3 पेशी मिळाल्या तर डॅपी लावून नुसतं बघा. केंद्रकात ठळक ठिपके उठून दिसतात, ते सेंट्रोमिअरजवळचं (गुणसूत्राच्या कमरेजवळचं) हेटेरोक्रोमॅटिन. माणसाच्या पेशीत ते असे दिसत नाहीत. ‘घट्ट’ आणि ‘सैल’ क्रोमॅटिन हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

प्रवेशाचं थोडक्यात, कारण माहिती सगळीकडे आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ, डीबीटी आणि आयसीएमआरच्या फेलोशिप, गेट, आणि टीआयएफआरची जीएस परीक्षा. या शेवटच्या परीक्षेच्या गुणांवर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचीही दारं उघडतात. तिचे प्रश्न पाठांतराचे नसतात, म्हणून आकडे आणि आलेख वाचायची ज्यांना सवय आहे त्यांना ती नेटपेक्षा सोपी जाते. 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला 42,000 रुपये, वर घरभाडं. पैसे कधी वेळेवर येतात, कधी थकतात, दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. परदेशात जायचं तर जर्मनीतल्या माइन्झच्या आयएमबी या संशोधन संस्थेचा पीएचडी कार्यक्रम नेमका जीनोम स्थैर्याच्या विषयाचा आहे. युरोपच्या मेरी क्युरी या संशोधन-प्रशिक्षण जाळ्यांतल्या पीएचडीच्या जागांना एक अट असते: त्या देशात गेल्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. आपल्या मुलांना ती उलट फायद्याची.

नोकरीचा प्रश्न घरून विचारला जातोच. कर्करोगाच्या औषधांमुळे या विषयाला उद्योगातही किंमत आलीय. बीआरसीए जनुक बिघडलेल्या गाठींवर चालणारं ओलापॅरिब हे औषध 2014 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मंजूर झालं. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असलेल्या पेशीची दुसरी वाट अडवायची, हे त्यामागचं तत्त्व. त्यामुळे औषधांची चाचपणी करणाऱ्या कंपन्यांना ठिपके मोजता येणारी, प्रतिमांचं विश्लेषण जमणारी माणसं लागतात. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग संशोधन केंद्रात हाच विषय रुग्णांच्या नमुन्यांच्या जवळ जाऊन करता येतो.

गाइड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या बघू नका. लॅबला भेट द्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी चहाला बसा. मूळ प्रतिमा कुठे साठवतात, किती जुन्या फायली आज उघडून दाखवता येतील, मोजणी कोण करतं आणि नावं कोण झाकतं, कॉन्फोकलचा स्लॉट दिवसा मिळतो की रात्री अकराचा, एवढं विचारा. पीएचडीची पाच-सहा वर्षं कशी जाणार ते या उत्तरांतून वेबसाइटपेक्षा जास्त कळतं. आणि ई-मेल पाठवताना ‘आदरणीय सर, मला आपल्या कार्यात रस आहे’ हे सोडून त्यांच्या एका आकृतीबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. मी तरी तसे ई-मेल आधी उघडते.